कासवाची बिस्किटं

रुग्णालयात खेळायची नोकरी असते, हे तिच्या नवऱ्याला बरेच दिवस खरंच वाटलं नव्हतं. तो बसगाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक. संध्याकाळी हाताचं ग्रीस काढता काढता विचारायचा, "म्हणजे तू तिथे जाऊन नक्की करतेस काय?"

"खेळते."

"दिवसभर?"

"मधे जेवायची सुट्टी असते."

तो मान हलवून पुन्हा साबण लावायचा. आपल्याला वेळेवर अक्कल आली नाही, नाहीतर आपणही असलंच काहीतरी शोधलं असतं, असा त्याचा चेहरा व्हायचा.

कागदोपत्री तिचं पद होतं बालविभाग सहायक. मुलांनी पहिल्याच आठवड्यात ते खोडून तिला खेळताई करून टाकलं. मग नर्स तसं म्हणायला लागल्या आणि पुढे मोठे डॉक्टरसुद्धा. तिचं काम एवढंच, की सुई टोचून घेतलेल्या, पट्ट्या बांधलेल्या, घरापासून तुटलेल्या मुलांना आपण अजून मूलच आहोत याची आठवण करून द्यायची. ऐकायला सोपं वाटतं. पण संध्याकाळी घरी पोचल्यावर ती बराच वेळ कोणाशी बोलायची नाही.

ती वाढली बाइंडिंगच्या दुकानात. वडील पुस्तकं बांधायचे. घरात खळीचा वास, सगळीकडे कातरलेल्या कागदाच्या पट्ट्या. फाटकी चित्रपुस्तकं दुरुस्तीला येत आणि शिवून झाली की परत जात, त्यामुळे ती हातात असतील तेवढ्या वेळात आधाशासारखं बघून घ्यायची तिला सवय लागली. लग्नानंतर काही वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात पुडे भरायचं काम केलं. केसांना, साडीला, उशीलासुद्धा गोड वास. तेव्हा बिस्किटाचं नाव काढलं तरी तिला मळमळायचं. मग एका बालवाडीत लागली, ती बंद पडली आणि तिथून ती इथे आली. मुलगी मोठी होऊन नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली होती. घरात माणसं दोन आणि घड्याळ एक, असं तीच म्हणायची.

वर्षअखेरच्या सुट्ट्या आल्या की वॉर्ड रिकामा होऊ लागायचा. ज्यांना घरी पाठवता येईल त्यांना डॉक्टर पाठवायचेच. पिशव्या भरल्या जायच्या, आजोबा घ्यायला यायचे, पाळण्यातली बाळंसुद्धा टोपडी घालून निघायची. मागे उरायची ती मुलं, ज्यांना हलवणं शक्य नसायचं. रिकाम्या खाटांमधे ती फार लहान दिसायची. खेळताईची खरी सुट्टी त्यांच्याबरोबर व्हायची. तिचा एक शिरस्ता होता. दर सुट्टीला एक चित्रपुस्तक निवडायचं. ते वाचायचं, मग त्यातलं काहीतरी हातांनी बनवायचं आणि शेवटी त्यातलंच काहीतरी भट्टीत भाजून खायचं. परिचारिकांच्या खोलीत तिने एक छोटा ओव्हन मिळवून ठेवला होता. बिघडला म्हणून कोणीतरी टाकून दिलेला. नवऱ्याने तो उघडून, दोन तारा बदलून चालू केला होता आणि "आता बसवाले बिस्किटंही भाजणार" म्हणून कुरकुर करून घेतली होती.

त्या वर्षी पुस्तक होतं कासवाचं. एक कासव सुट्टीसाठी सगळ्या जंगलाला आपल्या घरी बोलावतं आणि पाहुणे दारात आल्यावर त्याच्या लक्षात येतं, की आपल्या घरात आपल्याशिवाय कोणीच मावत नाही. मग प्रत्येक पाहुणा आपापल्या घरातून काहीतरी घेऊन येतो आणि कासवाच्या अंगणात सगळ्यांचं मिळून एक मोठं वेडंवाकडं घर उभं राहतं. मुलांना ते पाठ झालं होतं. औषधांच्या रिकाम्या खोक्यांपासून घर बनवणं चाललं होतं. आणि बिस्किटं अर्थातच कासवाच्या आकाराची. डोळ्याच्या जागी एक-एक बेदाणा.

मागे उरली होती पाच मुलं. त्यातली दोन इथे सांगितली म्हणजे पुरे.

एक सहा वर्षांचा मुलगा. जिन्यावरून पडून मांडीचं हाड मोडलेला. त्याचा पाय दोरीने वर टांगलेला, दोरी कप्पीवरून गेलेली आणि खाटेच्या टोकाला वजन लोंबत असलेलं. हलायची सोय नाही. पहिल्या दिवशी तो नुसता रडत होता. खेळताईने त्याला विचारलं, "ही क्रेन तुझी का? कोण चालवतं?" त्यावर तो रडायचा थांबून म्हणाला, "मीच." तेव्हापासून तो क्रेनवाला झाला.

दुसरी आठ वर्षांची मुलगी. हाताला कोपरापर्यंत प्लास्टर, जखमेत पू झालेला म्हणून अडकून पडलेली. पाय धडधाकट, त्यामुळे दिवसभर वॉर्डभर हिंडायची आणि बोलायची. कोणाला किती ताप आहे, कोणाची आई कोणाशी भांडली, आज कुठली भाजी आहे, सगळं तिच्याकडे. तिला रेडिओ म्हणायचे. झोपल्यावरच बंद व्हायचा.

पीठ आदल्या दिवशी मुलांनीच मळलं होतं. क्रेनवाल्यासाठी परात त्याच्या खाटेवर नेली होती, त्यानेही बोटं बरबटून घेतली होती. सकाळी खेळताई वॉर्डात आली आणि पहिली नजर गेली ती त्याच्या खाटेवरच्या पाटीवर. "तोंडाने काही देऊ नये."

"हे काय?" तिने मोठ्या सिस्टरना विचारलं. वॉर्डाची सगळी जबाबदारी त्यांच्यावर असायची. "याचं ऑपरेशन तर सुट्ट्यांनंतर होतं ना?"

"काल तू गेल्यावर फोटो काढला. हाड सरकलंय. सर्जनसाहेब आज आहेत, उद्यापासून नाहीत. म्हणून आजच घेतलं. आता याला पाणीसुद्धा नाही."

"मग बिस्किटं नको आज. उद्या करू."

मोठ्या सिस्टरनी क्षणभर विचार केला. "उद्या तू सुट्टीवर. बाकीचे चौघं पहाटेपासून विचारतायत. आणि याचा पहिला नंबर आहे, तासाभरात जाईल हा. गेल्यावर सुरू कर ना."

ते पटण्यासारखं होतं. पण क्रेनवाला काही तासाभरात गेला नाही. त्याच्या आधी एक अपघाताचा पेशंट आला, मग आणखी एक. थिएटरमधून दर वेळी निरोप यायचा, "थोडं थांबा." क्रेनवाला भुकेने आधी चिडला, मग हुंदके द्यायला लागला. त्याची आई स्टुलावर बसून त्याच्या कपाळावरून हात फिरवत होती. ती कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. घरी तान्हं बाळ सासूकडे ठेवून ती इतके दिवस त्या स्टुलावर बसून होती. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"एक चमचा दूध तरी?" तिने विचारलं.

"नाही हो आई," खेळताई म्हणाली. "भूल दिल्यावर पोटातलं वर येतं आणि छातीत जातं. जिवावर बेतू शकतं."

आईने मान डोलावली. तिला हे आधीही सांगितलेलं होतं. तरी परत विचारल्याशिवाय तिला राहवलं नव्हतं.

खेळताईने त्याला पुस्तक वाचून दाखवलं. दोनदा. तिसऱ्यांदा उघडल्यावर तो म्हणाला, "यात सगळे खातातच आहेत," आणि पुस्तक ढकलून दिलं. तिकडे बाकीची मुलं ताटकळली होती. एकाने भोकाड पसरलं. दुपार व्हायला आली. शेवटी मोठ्या सिस्टरच म्हणाल्या, "लाव तू तो ओव्हन. दार बंद ठेव, म्हणजे वास यायचा नाही."

खेळताईच्या मनात पाल चुकचुकली. पण तिने ओव्हन लावला.

वास दाराखालून आलाच. लोणी, साखर, भाजलेलं पीठ. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला टेबलावर मुलं खोक्यांची घरं चिकटवत होती. त्यांनी माना वर केल्या. क्रेनवाल्याने उशीत तोंड खुपसलं. खेळताईने पहिला ट्रे काढून जाळीवर ठेवला, दुसरा आत सरकवला आणि टेबलापाशी आली. गार झाल्यावर एकदमच वाटू, असं तिने मुलांना बजावलं. एवढ्यात क्रेनवाल्याच्या आईला संमतीपत्रावर सही करायला खाली बोलावलं. एक लहान मुलगी बोटाला खळ चिकटली म्हणून किंचाळायला लागली. खेळताई तिला नळाखाली घेऊन गेली, बोटं सोडवली, पुसली.

ती परत आली तेव्हा आईही परतली होती आणि वॉर्डातले मामा स्ट्रेचर घेऊन हजर होते. "चला क्रेनवाले, नंबर लागला!"

मोठी धांदल उडाली. वजन काढलं, पाय फळीवर बांधला, चौघांनी चादरीसकट त्याला उचललं. मामांनी स्ट्रेचर वळवलं, आई मागोमाग निघाली, आणि दार मिटलं.

खेळताई खाट आवरायला वाकली. आवरता आवरता तिचा हात थांबला.

काहीतरी चुकत होतं. काय, ते तिला आधी कळेना. मग लक्षात आलं, की वॉर्ड शांत आहे. सकाळपासून रडणारा मुलगा जाताना रडला नव्हता. ऑपरेशनला नेताना मोठी माणसंसुद्धा घाबरतात, आणि तो मात्र गुपचूप, ओठ घट्ट मिटून गेला होता. आणि रेडिओ बंद होता. स्ट्रेचर येतं, माणसाला उचलतात, लिफ्टमधून नेतात, एवढं सगळं होऊन रेडिओ एक शब्द बोलला नव्हता. ती आपल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती.

खेळताईने उशी उचलली. उशीखाली एक बेदाणा होता. थोडा भाजलेला, फुगलेला.

ती रेडिओकडे गेली. तिच्यासमोर उकिडवी बसली.

"क्रेनवाल्याने काही खाल्लं का गं?"

रेडिओने मान हलवली. नाही.

"मी रागावणार नाही. खरंच. खाल्लं का?"

पुन्हा नाही. पण तिचे डोळे काठोकाठ भरले होते.

एक बेदाणा म्हणजे काय? काल पीठ मळताना परात त्याच्या खाटेवर होती, तेव्हाचाही असेल. पण तो भाजलेला होता. की नुसता वाळलेला? खेळताईने तो बोटांत दाबून पाहिला आणि तिला स्वतःच्याच बोटांचा भरवसा वाटेना. तिने जाळीकडे धाव घेतली. किती बिस्किटं ठेवली होती ते तिने मोजलंच नव्हतं. जाळीवर कडेला मोकळी जागा दिसत होती. ती आधीपासून होती का? आठवेना.

मोठ्या सिस्टर दुसऱ्या मजल्यावर गेल्या होत्या. फोन लावला तर थिएटरचा नंबर गुंतलेला. खेळताईने फोन ठेवला आणि लिफ्टची वाट न बघता जिना उतरायला लागली. तिचे गुडघे दुखायचे, ते त्या क्षणी ती विसरली.

थिएटरच्या दाराबाहेर आई भिंतीला टेकून उभी होती. स्ट्रेचर आत गेलेलं. खेळताईने दारावर थाप मारली. आणखी एक. मग दोन्ही हातांनी.

आतून एक नर्स डोकावली. "काय झालं? असं काय करताय?"

"तो मुलगा, पायाचा. भूल दिली का?"

"देतायत. का?"

"थांबवा. आधी डॉक्टरीणबाईंना बोलवा. त्याने खाल्लं असेल."

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मास्क खाली ओढत बाहेर आल्या. त्यांच्या मागून मोठे सर्जनही आले. त्यांची त्याच संध्याकाळची गाडी होती, हे सगळ्या मजल्याला माहीत होतं.

"तुम्ही बघितलंत त्याला खाताना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग कोणी बघितलं?"

"कोणी नाही. त्याच्या उशीखाली बेदाणा सापडला." बोलताना तिलाच ते किती पोकळ वाटलं. "आज वॉर्डात बिस्किटं केली होती. त्यात बेदाणे होते."

सर्जन पुढे आले. "वॉर्डात आज बिस्किटं केली?"

"हो."

"उपाशी पेशंट शेजारी असताना?"

"हो," ती पुन्हा म्हणाली.

तोपर्यंत आई पुढे आली होती. "काय बोलताय तुम्ही? मी सकाळपासून त्याच्या उशाशी होते! हललेली नाही मी! मी त्याला पाणीसुद्धा दिलं नाही, तो हात जोडत होता तरी दिलं नाही!"

"आई, तुम्ही सहीला खाली आला होतात, तेवढ्यात..."

"तेवढ्यात काय? पाच मिनिटं!" तिचा आवाज फाटला. "तुम्हाला माहितीये हे आज नाही झालं तर काय होईल? साहेब उद्या नाहीत. हाड वाकडं जुळलं तर माझं पोरगं जन्मभर लंगडेल! एका बेदाण्यासाठी?"

डॉक्टरीणबाई आत गेल्या. दार मिटायच्या आत क्रेनवाल्याचा पातळ आवाज ऐकू आला, "नाही खाल्लं." मग डॉक्टरीणबाईंचा, हळू. मग पुन्हा त्याचा, "नाही खाल्लं ना!" आणि रडणं.

त्या बाहेर आल्या. "नाही म्हणतोय."

"झालं तर मग," सर्जन म्हणाले.

खेळताईला वाटलं, आता आपण गप्प बसावं. ज्यांचं काम आहे ते बघतील. आपण सांगायचं ते सांगितलं. पण मिटलेले ओठ आणि भिंतीकडचं तोंड तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"डॉक्टर, मी चुकत असेन," ती म्हणाली. "चुकले तर नोकरी गेली तरी चालेल. पण मुलं अशी गप्प मला माहितीयेत. भूल देऊ नका."

सर्जन घड्याळाकडे बघून काहीतरी बोलणार होते. डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोलू दिलं नाही. एवढ्या मोठ्या डॉक्टरांना अडवणं त्यांनाही सोपं नव्हतं. "सर, शंका आहे. शंका असताना मी भूल देणार नाही. हाड उद्यापर्यंत थांबेल."

"उद्या मी नाही."

"दुसरं कोणीतरी असेल."

सर्जन टोपी काढून आत निघून गेले. आई खाली जमिनीवर बसली. मग मान वर करून खेळताईला म्हणाली, "तुमच्या खेळापायी. तुमच्या त्या खेळापायी झालं हे सगळं."

खेळताई वर आली तेव्हा वॉर्डभर धूर होता. दुसरा ट्रे ओव्हनमधेच राहिला होता. कासवं कोळसा झाली होती. मोठ्या सिस्टर खिडक्या उघडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आणि खाल्लेलं नसलं तर?" त्या म्हणाल्या. "मग काय सांगणार आहेस? मी काय सांगू?"

"माहीत नाही."

"मीच म्हणाले तुला लाव म्हणून." त्यांनी खिडकीची कडी जोरात ओढली. "मीच म्हणाले."

खेळताई रेडिओच्या खाटेवर जाऊन बसली. तिने काही विचारलं नाही. विचारून झालं होतं. मुलीचं प्लास्टर घातलेलं कोपर तिच्या मांडीला लागत होतं.

मामा क्रेनवाल्याला परत घेऊन आले. पाय पुन्हा टांगला गेला, वजन लोंबायला लागलं. मामा बाकीच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आता उद्या परत तेच. रात्रीपासून पुन्हा उपास पोराला."

रेडिओ ताडकन वळली. "परत उपाशी ठेवणार त्याला?"

"ठेवावंच लागेल," खेळताई म्हणाली.

"पण का? तो रडत होता! कोणीच त्याला काही देत नव्हतं! त्याची आईपण देत नव्हती!" तिने चांगल्या हाताने खेळताईचा हात धरला. "मी दिली ना मग. तीन दिली. त्याने सगळी खाल्ली. मी त्याला म्हटलं, सांगू नको. आता मला पोलीस धरतील का?"

खेळताईने तिला जवळ ओढलं. मोठ्या सिस्टर खिडकीपाशीच उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटले, मग उघडले आणि थिएटरला फोन लावायला गेल्या.

संध्याकाळी क्रेनवाल्याची आई खेळताईच्या समोर येऊन उभी राहिली. आता तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती, आणि ती जास्त वाईट होती.

"खरंच खाल्लं होतं?"

"हो."

"भूल दिली असती तर..."

"दिली नाही ना. आता तो विचार नको."

"कोणी दिलं त्याला? मला नाव सांगा."

रेडिओ दोन खाटांपलीकडे पांघरुणात होती. पांघरूण हलत नव्हतं.

"बिस्किटं माझी होती," खेळताई म्हणाली. "उपाशी मूल समोर असताना मी ओव्हन लावला. तुम्हाला कोणाला बोलायचं असेल तर मला बोला."

"मी नाव विचारतेय."

"ते मी नाही सांगणार."

आई पाठ फिरवून स्टुलावर जाऊन बसली. तिला नाव ठाऊक नसेल असं नाही. क्रेनवाल्याने नंतर सांगितलंही असेल. पण तिने रेडिओला शेवटपर्यंत एका शब्दाने दुखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी खेळताईची सुट्टी होती. मुलीचा फोन येणार होता, नवऱ्याने बाहेर जेवायचं ठरवलं होतं. सकाळीच तिला चपला घालताना बघून तो म्हणाला, "अगं, आज कुठे?"

"थिएटरच्या दारात."

त्याला आदल्या दिवशीचं सगळं माहीत होतं. तो म्हणाला, "मी येऊ?"

"तू काय करणार?"

"बसेन."

दोघं जाऊन बसले. ऑपरेशन दुसऱ्या एका सर्जननी घेतलं, मोठ्या साहेबांच्या हाताखालच्या. आई बाकाच्या एका टोकाला, खेळताई दुसऱ्या टोकाला, मधे तिचा नवरा हात गुडघ्यांवर ठेवून. सांगितलेली वेळ उलटून गेली. दार उघडलं की तिघंही उठायची, आणि दर वेळी दुसराच कोणीतरी बाहेर यायचा. एकदा एक नर्स रक्ताची पिशवी घेऊन पळत आत गेली. आईच्या तोंडून कसलातरी आवाज आला. नवऱ्याने तिच्यापुढे पाण्याची बाटली धरली. तिने ती घेतली, पण झाकण काही उघडलं नाही.

शेवटी सर्जन स्वतः आले. हाड बसवायला वेळ लागला, काल सरकलं होतं त्याहून आज जास्त सरकलं होतं, पण बसलं. पाय सरळ राहील. थोडा आखूड वाटला तर वाढत्या वयात भरून निघेल, बघावं लागेल.

"बघावं लागेल म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे दर काही महिन्यांनी दाखवायला या."

तिने मान हलवली. मग ती रडली, आणि खेळताई तिच्याजवळ गेली नाही. जावंसं फार वाटलं, पण तो हक्क आपण गमावलाय, असं तिला वाटलं.

सुट्ट्या संपल्यावर चौकशी झाली. खेळताईने जे झालं ते सांगितलं. मोठ्या सिस्टरनी न विचारता आपलाही भाग सांगितला. दोघींना लेखी समज मिळाली. ओव्हन कुलपात गेला. चौकशीला बसलेल्या साहेबांनी विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?" तेव्हा खेळताई म्हणाली, "हो. उपाशी ठेवायच्या मुलाला खाणाऱ्या मुलांमधे ठेवू नका. फक्त बिस्किटांचं नाही. रोज दुपारी आपण त्याच्यासमोर बाकीच्यांना ताटं वाढतो." महिन्याभरात वॉर्डाच्या कोपऱ्यातली सामानाची खोली रिकामी करून तिथे दोन खाटा टाकल्या. ऑपरेशनचं मूल आदल्या रात्री तिथे जायला लागलं.

रेडिओचं काय करायचं, हा प्रश्न चौकशीत कोणी काढला नाही. तो खेळताईचा होता. मुलगी दिवसभर पडून राहायची, विचारलं तेवढंच बोलायची. वॉर्डातल्या बातम्या कोणाला कळेनाशा झाल्या. तू चांगल्या मनाने केलंस, असं खेळताईने दहादा सांगून पाहिलं. उपयोग शून्य. मग एके दिवशी तिने भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना गाठलं आणि पाच मिनिटं मागून घेतली.

डॉक्टरीणबाई रेडिओच्या खाटेवर बसल्या. लाडीगोडी लावण्यातल्या नव्हत्या त्या. पोटातलं अन्न भुलीत वर येऊन कुठे जातं, ते त्यांनी तिला कागदावर काढून दाखवलं. तिने नीट बघितलं.

"म्हणजे तो मेला असता?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कदाचित."

"पण त्याला भूक लागली होती. मग मी काय करायला हवं होतं?"

"ओरडायचं. मोठ्याने. हा रडतोय, याच्याकडे कोणी बघत का नाही, असं ओरडायचं. कोणीतरी येईपर्यंत."

रेडिओने विचार केला. "मोठे रागावले तर?"

"रागावू देत."

त्याच संध्याकाळी एका बाळाचं सलाईन संपलं, तेव्हा रेडिओ एवढ्या जोरात ओरडली की खालच्या मजल्यावरचे मामा धावत आले. मोठ्या सिस्टर कानांवर हात ठेवून म्हणाल्या, "आता हिला आवरणार कोण?" पण त्यांना हसू फुटलं होतं.

क्रेनवाला घरी गेला तेव्हा त्याची आई सामान बांधून खेळताईपाशी आली.

"माझा राग गेला नाहीये," ती म्हणाली.

"जायलाच हवा असं नाही."

"तुम्ही खाली पळत आलात तेही विसरले नाहीये." ती पिशवीचा बंद उगाच घट्ट करत राहिली. "दोन्ही एकदम डोक्यात आहे. काय करायचं त्याचं कळत नाही."

"मलाही नाही कळत," खेळताई म्हणाली.

मामांनी चाकाची खुर्ची आणली. क्रेनवाल्याने दारापर्यंत सगळ्यांना हात केला, लिफ्टमधे मात्र आईचा पदर घट्ट धरून बसला. खेळताईने लिफ्ट खाली जाईपर्यंत वाट बघितली. मग ती वॉर्डात परतली. नवीन आलेलं एक मूल खाटेखाली जाऊन बसलं होतं आणि कोणाचंच ऐकत नव्हतं. ती गुडघे सांभाळत खाली वाकली आणि तिने आत डोकावून बघितलं.